पूल झाला, भाव आला. पण सातबाऱ्यावर नाव कुणाचे?

भोईवाडा, परळ, नायगाव, शिवडी या पट्ट्यात शिवणकाम, वेल्डिंग, सोफ्याची गादी, फ्रीज-एसीची दुरुस्ती, बेकरी असे छोटे कारोबार करणारे आपले अनेक बांधव आहेत. पूर्वी जुम्याची नमाज आटोपल्यावर त्यांचे बोलणे चाले ते धंद्याच्या मंदीवर, खोलीच्या दुरुस्तीवर आणि मुलांच्या शाळेवर. अलीकडे त्यात नवा विषय शिरला आहे. गावच्या जमिनीला आज काय भाव आहे, कुणी किती गुंठे दिले, कुणाला किती विसार मिळाला, याचीच चर्चा अधिक ऐकू येते. ज्यांनी दहा-दहा वर्षे गावचे तोंड पाहिले नाही तेही आता सातबारा शोधू लागले आहेत.

भोईवाड्यात शिवणकाम करणाऱ्या अशाच एका गृहस्थांची हकीकत येथे देतो. त्यांचे मूळ गाव पनवेल तालुक्यात. गावी एक एकराच्या आसपास जमीन आहे. एके दिवशी एक दलाल दुकानावर आला. भाव चांगला सांगितला, विसाराची रोकडही दाखवली. सातबारा काढून पाहिला तर त्यावर अजून आजोबांचेच नाव. आजोबांचा इंतकाल होऊन चाळीस वर्षे उलटली होती. त्यांच्या मागे दोन मुलगे आणि दोन मुली. मुलगेही आता हयात नाहीत, पण दोघी फुफ्या हयात आहेत. एक मुंब्र्याला असते, दुसरी म्हसळ्याला. दलालाने त्यावरही तोड सांगितली. "फुफींकडून हक्कसोड पत्र लिहून घ्या. त्यांना गावची जमीन कशाला हवी?"

हे गृहस्थ दोन रात्री झोपले नाहीत. पैशाची गरज होती. पण मन म्हणत होते की हे बरोबर नाही. त्यांच्यासारखीच अवस्था आज शेकडो घरांची आहे. म्हणून या प्रश्नाची सगळी बाजू वाचकांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

भाव का आला?

जमिनीचा भाव हवेतून येत नाही. रस्ता, रेल्वे, बंदर, पाणी आणि माणसे ज्या दिशेने जातात त्या दिशेने तो जातो. रायगड जिल्ह्याच्या उत्तर भागात या सगळ्या गोष्टी थोड्या काळात एकत्र आल्या.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू सुरू झाला. त्याची एकूण लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून त्यातील सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. पलीकडे तो उरण तालुक्यातील चिर्ले येथे उतरतो. भोईवाड्यापासून शिवडी जवळच आहे. म्हणजे ज्या उरणला जायला खाडीला वळसा घालून अर्धा दिवस मोडत असे, ते आता मोटारीने थोड्याच वेळाच्या अंतरावर आले. मात्र कारागिरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या पुलावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मनाई आहे, आणि उद्घाटनाच्या वेळी मोटारीच्या एका खेपेचा टोल २५० रुपये ठेवण्यात आला होता. स्कूटरवर किंवा रिक्षात माल घालून रोज ये-जा करण्याचा हा रस्ता नव्हे.

सामान्य माणसाला त्याहून उपयोगी आहे ती रेल्वे. त्याच दिवशी, १२ जानेवारी २०२४ रोजी, खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल गाडी सुरू झाली. हार्बर मार्गावरून नेरुळ किंवा बेलापूरला जाऊन पुढे उरणची गाडी पकडता येते. पंचवीस वर्षांपूर्वी उरणच्या माणसाला हे स्वप्नच वाटले असते.

तिसरी गोष्ट विमानतळाची. नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. एवढी माणसे आली की हॉटेल, गोदाम, मोटार दुरुस्ती, कपडे धुलाई, खानपान, फर्निचर असे सगळे धंदे पाठोपाठ येतात.

चौथी गोष्ट नियोजनाची. २०१३ साली विमानतळाच्या परिसरातील गावांसाठी 'नैना' हे क्षेत्र जाहीर होऊन सिडकोकडे सोपवण्यात आले. २०२४ साली उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांचे सुमारे ३२३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नव्या शहरासाठी एमएमआरडीएकडे देण्यात आले. यालाच लोक 'तिसरी मुंबई' म्हणतात. गावकऱ्यांनी त्याविरुद्ध मोठ्या संख्येने हरकती घेतल्या. दक्षिणेकडे दिघी बंदराच्या पाठीमागे सुमारे ६,०५६ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राला केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. त्यामुळे आता माणगाव, रोहा, म्हसळ्याकडच्या जमिनींचीही विचारपूस होऊ लागली आहे.

माणसे कुठून कुठे गेली?

आता लोकसंख्येचे आकडे पाहू. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे २०११ चेच पक्के आकडे घ्यावे लागतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईची, लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती. २०११ साली ती ३० लाख ८५ हजारांवर आली. याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांपर्यंत घटली. आणि या दोन्हींच्या मधला रायगड जिल्हा २२ लाख ८ हजारांवरून २६ लाख ३४ हजारांवर गेला.

या आकड्यांचा अर्थ भोईवाड्याच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. त्याचे एक घर मुंबईत आणि एक कोकणात. दोन्ही ठिकाणची माणसे कमी होत आहेत. मुंबईत गिरण्या गेल्या, चाळी पडून टॉवर उठले, कुटुंब वाढले तसे धाकटा भाऊ मुंब्र्याला किंवा पनवेलला गेला. गावाकडे तरुण मुले आखाती देशांत गेली, घराला कुलूप लागले. आणि बरोबर मधल्या पट्ट्यात, जेथे आपल्यापैकी अनेकांची बापजाद्यांची दोन-चार खाचरे पडीक आहेत, तेथे नवी वस्ती येत आहे. जी जमीन आजवर ओझे वाटत होती तीच आता कुटुंबाची सर्वांत मोठी दौलत ठरली आहे. प्रश्न एवढाच, की ही दौलत कुणाच्या नावावर आहे?

जुना धडा

मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या हातून गावची जमीन जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारी कुळे तिचे मालक मानली गेली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. पण अनेक मुंबईकर कुटुंबांना आपल्या नोंदी काय होत्या, आपल्याकडे काय राहिले आणि काय गेले, याचा पत्ताच फार वर्षांनी लागला. कारण गावच्या चावडीत त्यांच्या वतीने विचारणारे कुणी नव्हते.

दुसरा धडा खुद्द उरण-पनवेलचा आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यास सुरुवात झाली. भाव अगदी किरकोळ होता. त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित जमिनीत साडेबारा टक्के परताव्याचे तत्त्व निघाले आणि पुढे ते राज्यभर गाजले.

पण त्यानंतर काय घडले तेही लक्षात ठेवले पाहिजे. साडेबारा टक्क्यांचा भूखंड हातात पडण्याआधीच अनेकांनी तो हक्क दलालांना आणि बिल्डरांना थोडक्यात लिहून दिला. ज्यांच्या घरात वारसांचे भांडण होते त्यांची प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहिली. ज्यांची नावे कागदावर होती आणि जे भाऊबहीण एकत्र राहिले, त्यांच्या पदरात भूखंड पडला. सरकारशी लढून मिळवलेला हक्क घरातल्या गोंधळामुळे गमावला, असे आपल्या बाबतीत पुन्हा घडू नये.

एका एकराचे काय होते?

व्यापारी माणसाला हिशेब चटकन कळतो, म्हणून एकच एकर, म्हणजे ४० गुंठे जमीन धरून पाहू. सिडकोच्या जुन्या साडेबारा टक्के योजनेत ४० गुंठ्यांचे ५ गुंठे होतात. त्यातूनही ३.७५ टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होऊन हातात ८.७५ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे येत. विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना रोख भरपाईऐवजी साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले. म्हणजे ४० गुंठ्यांना ९ गुंठे. 'नैना'च्या नगररचना योजनेत मालकाला ४० टक्के परत मिळून बाकी जागा रस्ते, बगिचे, शाळा आणि योजनेच्या खर्चासाठी जाते. म्हणजे ४० गुंठ्यांना १६ गुंठे.

या तिन्ही योजना एका मापाने मोजता येत नाहीत. प्रत्येकीत बांधकामाची मुभा, रोख मोबदला आणि जागा वेगळी आहे. पण एक गोष्ट तिन्हींना सारखी लागू पडते. परत मिळणारा भूखंड किंवा भरपाईची नोटीस, दोन्ही नोंदीवर ज्यांचे नाव असेल त्यांच्याकडेच येतात. सातबाऱ्यावर मयत आजोबांचे नाव असेल तर नोटीस आजोबांच्या नावाने निघते. ती गावच्या बंद घराच्या दारावर चिकटते आणि पावसात भिजून जाते. भोईवाड्यातल्या नातवाला त्याची खबरही लागत नाही.

दलालाच्या धंद्याचा सगळा नफा याच अंतरात आहे. त्याला माहीत असते की पुढच्या वर्षी कोणता रस्ता कुठून जाणार. आपल्याला माहीत नसते की आपली जमीन कोणत्या गटात आहे.

सातबारा कसा वाचावा?

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा मिळून एक उतारा. सातमध्ये मालकी आणि बोजा, बारामध्ये पीक. तो आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीसह मिळतो. त्यासाठी गावी जाण्याची गरज नाही. दुकानात बसून मुलाच्या मोबाईलवरही काढता येतो. त्यात चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, भोगवटादाराच्या रकान्यात कुणाची नावे आहेत. दुसरी, जमीन भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २ ची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय किंवा ठरलेली रक्कम भरल्याशिवाय विकता येत नाही. तिसरी, 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिले आहे. कुळाचे नाव, कुळकायदा कलम ४३ चा शेरा, सोसायटीचे कर्ज, संपादनाचा शेरा, हे सगळे तेथेच दिसते. चौथी, फेरफारांचे क्रमांक. हे फेरफार गाव नमुना ६ मध्ये असतात. जुने फेरफार काढून वाचले म्हणजे पन्नास वर्षांत जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते समजते. आणि एकूण खात्याचा हिशेब हवा असेल तर त्याबरोबर ८ अ चा उतारा घ्यावा.

गावठाणातल्या घराची गोष्ट वेगळी आहे. त्याला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे फक्त घरपट्टीची आकारणी. पुष्कळ लोक तोच मालकीचा पुरावा समजतात, ते बरोबर नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकतपत्रिका देण्यात येत आहेत. ज्या घराला कुलूप होते तेथे कुणाचे नाव लागले, हे मुंबईकरांनी आवर्जून तपासावे. मशीद, मदरसा, दर्गा आणि कब्रस्तान यांच्या जागांचेही तसेच आहे. रस्त्याच्या आखणीत कब्रस्तानाची जागा आली आणि नोंदच नसली तर नंतर धावाधाव करून उपयोग होत नाही. हे काम एकट्याचे नाही, जमातीचे आहे.

वारस नोंद आणि बहिणीचा हिस्सा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. खातेदाराचा इंतकाल झाल्यावर तीन महिन्यांत वारसांनी अर्ज करावा असा नियम आहे. उशीर झाला तरी नोंद होते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे कागद एवढे लागते. अर्ज तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो. तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस देतो आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीमच काढली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हाच तिचा हेतू. शासनाला मोहीम काढावी लागली यावरून हा आजार किती पसरला आहे ते ध्यानात येते.

वारस म्हणजे फक्त मुलगे नव्हेत. कुरआन शरीफने सूरा निसामध्ये प्रत्येकाचा हिस्सा ठरवून दिला आहे. एक साधे उदाहरण घेऊ. एका माणसाच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत, आणि जमीन ४० गुंठे आहे. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरलेल्या ३५ गुंठ्यांचे पाच भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग, म्हणजे १४ गुंठे. मुलीला एक भाग, म्हणजे ७ गुंठे. मुलीचे लग्न झाले म्हणून हे ७ गुंठे कमी होत नाहीत. लग्नात दागिने दिले म्हणूनही ते फिटत नाहीत. ती दुसऱ्या तालुक्यात राहते म्हणूनही ते भावाचे होत नाहीत.

आपण नमाज-रोज्याच्या बाबतीत मसला विचारतो, पण विरासतीच्या वेळी गावच्या रिवाजाकडे बोट दाखवतो. बहिणीने जमीन मागितली तर ती माहेर तोडते, असे म्हणण्याची रीत पडली आहे. जमिनीला किंमत नव्हती तेव्हा हे खपून गेले. आज सात गुंठ्यांच्या किमतीत एखाद्या विधवा बहिणीच्या मुलांचे शिक्षण होऊ शकते. दुसऱ्याची वीतभर जमीन दाबणाऱ्याला हदीसमध्ये किती कडक इशारा दिला आहे हे प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. बहीण 'दुसरी' नाही म्हणून तो इशारा सौम्य होत नाही, उलट अधिक कडक होतो.

हक्कसोड पत्र कायद्याने चालते, पण ते नोंदणीकृत असावे लागते आणि खुशीचे असावे लागते. बहिणीला जमिनीचा आजचा भाव सांगितला का? तिच्या हिश्श्याची रक्कम तिला कळली का? हे न सांगता घेतलेली सही ही खुशी नव्हे. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही ते धोक्याचे आहे. एक जरी वारस नोंदीतून सुटला तरी पुढे कोर्टात दावा होतो, खरेदीदार पैसे अडकवून ठेवतो आणि व्यवहार दहा वर्षे लटकतो.

वाटणी करायचीच असेल तर ती नीट कागदावर करावी. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला नाममात्र १०० रुपयांचा मुद्रांक लागतो आणि २०२५ साली त्याची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय झाला आहे. मात्र तुकडेबंदी कायद्यामुळे फार लहान तुकडे करून विकता येत नाहीत. आपल्या तालुक्यात किमान क्षेत्र किती, ते तहसीलदार कार्यालयात विचारून घ्यावे. दोन गुंठे, तीन गुंठे असे तुकडे सामाईक नावावर घेण्याच्या जाहिराती निघतात. त्यांत पैसे घालण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

केनियातही तेच

हा प्रश्न फक्त आपला नाही. आफ्रिकेत केनियाच्या मोंबासा आणि नैरोबीत आपली कोकणी मुस्लिम कुटुंबे फार वर्षांपासून आहेत, त्यांना तेथला अनुभव माहीत आहे. २०१७ साली मोंबासा ते नैरोबी नवी रेल्वे सुरू झाली. नैरोबीपासून सुमारे ६० किलोमीटरवर कोंझा येथे ५,००० एकरांवर नवे शहर हाती घेण्यात आले आणि त्याच्या भोवतालच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात बांधकामावर बंधने आली. गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या माळरानाला एकाएकी शहराचा भाव आला.

पण तेथे एक चांगली रीत आहे. १९६७ च्या कायद्यानुसार शेतजमिनीची विक्री करायची तर स्थानिक जमीन नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. सहा महिन्यांत त्यासाठी अर्ज केला नाही तर सौदा रद्द समजला जातो. मंडळापुढे घरची माणसे येतात, विक्रीची खबर सगळ्यांना होते. शिवाय २०१२ च्या कायद्यापासून घरजमीन विकताना पती किंवा पत्नीची संमती लागते. नवऱ्याने परस्पर जमीन विकून बायकामुलांना रस्त्यावर आणू नये, हा त्यामागचा हेतू.

आपल्या शरीयतमध्ये शुफ्याचा हक्क सांगितला आहे तो याच समजुतीचा. बाहेरच्या माणसाला जमीन देण्यापूर्वी हिस्सेदाराला विचारा, त्याला घ्यायची असेल तर त्याचा हक्क आधी. केनियाच्या सरकारने कायदा करून जे घडवले ते आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी शिकवलेले आहे. ते पाळण्यासाठी मंडळाची वाट पाहण्याची गरज नाही.

विकायची की ठेवायची?

जमीन कधीच विकू नये असे आम्ही म्हणत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, मुंबईतली खोली वाचवणे, धंद्यासाठी भांडवल, ही कारणे खरी आहेत. व्याजाच्या कर्जात अडकण्यापेक्षा स्वतःची जमीन विकून धंदा उभा करणे अधिक चांगले. पण विकण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार करावा.

एक, महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आज आपण खातेदार आहोत, ते आजोबांनी ठेवलेल्या या तुकड्यामुळे. शेवटचा गुंठाही विकून टाकला तर उद्या आपल्या मुलांना शेतकरी म्हणून कोकणात जमीन घेणे कठीण होईल. म्हणून सगळी जमीन एकदम विकू नये. थोडी तरी नावावर ठेवावी.

दोन, रस्त्याकाठची जमीन विकण्याऐवजी ती धंद्याला लावता येईल का, हे पाहावे. विमानतळाजवळ नवी वस्ती येत आहे, तिला दर्जी, सुतार, वेल्डर, एसी मेकॅनिक, नानबाई यांची गरज लागणार. परळमध्ये दहा बाय बाराच्या गाळ्यासाठी जे भाडे द्यावे लागते त्यात तेथे मोठे शेड उभे राहू शकते. मात्र त्यासाठी विकास आराखड्यातला झोन दाखला पाहून, लागणाऱ्या परवानग्या घेऊन मगच बांधावे. परवानगीशिवाय बांधलेले शेड कधी पाडले जाईल याचा भरवसा नसतो.

जकातीचाही हिशेब ध्यानात असावा. राहण्याच्या घरावर किंवा कसण्याच्या जमिनीच्या किमतीवर जकात नाही. पण नफ्याने विकण्याच्या नियतीनेच प्लॉट घेतला असेल तर तो व्यापाराचा माल ठरतो आणि त्याच्या चालू किमतीवर दरवर्षी अडीच टक्के जकात लागू होते. आपली बाब नेमकी कोणती, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

जमातीने काय करावे?

कोकणातल्या बहुतेक गावांच्या जमातींची मुंबईत कमिटी असते. मशिदीच्या दुरुस्तीचा चंदा, मय्यतीची मदत, विद्यार्थ्यांच्या वह्या ही कामे ती करते. त्यात आणखी एक काम घालावे. वर्षातून एक रविवार ठरवून गावच्या सर्व घरांचे सातबारे आणि ८ अ चे उतारे काढावेत. कुणाच्या नावावर मयत व्यक्ती आहे त्याची यादी करावी. एखादा महसूल खात्यातून निवृत्त झालेला माणूस आणि एखादा वकील बसवावा. गावच्या परिसरातील वर्तमानपत्रांत जमिनीच्या ज्या जाहीर नोटिसा येतात त्या कुणीतरी वाचून मुंबईकरांना कळवाव्यात, कारण हरकतीची मुदत सात-चौदा दिवसांचीच असते. या सगळ्याला खर्च अगदी थोडा आहे, पण एका वर्षात शंभर घरांचे कागद सुधारतील.

आता त्या दर्जी बांधवांचे काय झाले ते सांगून लेख संपवतो. त्यांनी दलालाचा विसार घेतला नाही. प्रथम मुंब्र्याला जाऊन थोरल्या फुफीला सातबारा दाखवला. मग दोघे मिळून म्हसळ्याला धाकट्या फुफीकडे गेले. चुलत भाऊ सुरुवातीला रागावले, पण मौलवी साहेबांनी हिस्से मांडून दाखवल्यावर गप्प बसले. चार महिन्यांनी फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी सर्व वारसांची नावे लागली, त्यात दोन्ही फुफ्यांचीही. जमीन अजून विकलेली नाही. विकायची ठरली तर सगळे मिळून ठरवतील आणि एकाच भावाने विकतील.

नवा सातबारा हातात आला तेव्हा धाकटी फुफी म्हणाली, "माझ्या अब्बांच्या कागदावर माझे नाव मी पहिल्यांदाच पाहते आहे."

वाचकांनी आज रात्रीच आपला सातबारा काढून पाहावा. दलाल येण्याआधी आपण आपल्या बहिणीकडे जाऊन यावे.